रुमालांचा हिशेब

चित्रपट कसा होता, हे आमच्या मावशीला कधी विचारावं लागत नसे. ती थेटरातून बाहेर आली की पदराकडे बघायचं. पदर कोरडा, म्हणजे पैसे बुडाले. टोक ओलं, म्हणजे ठीक. आणि पदराचा पार पोतेरा झालेला असला, तर समजावं की हा खेळ गोंदियातून चार आठवडे तरी हलत नाही. "गज्जब रडली बाप्पा आज!" असं म्हणत ती इतक्या प्रसन्न चेहऱ्याने घरात शिरायची, की माणूस सत्यनारायणाहून आलंय असं वाटावं. मग पाय धुवायची आणि रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच जेवायची.

यात तिचा दोष नाही. तिचं माहेर, म्हणजे आमचं आजोळ, अर्जुनी-मोरगावकडचं. धान कापून झालं, दिवाळी सरली, गावोगाव मंडई भरली, की आमच्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं चालतात. थंडीत कुडकुडत बसलेल्या त्या प्रेक्षकाला हसायला तर लागतंच. पण कोंबडा आरवायच्या आत एकदा तरी पोटभर रडू आलं नाही, तर त्याला जेवणात भात राहून गेल्यासारखं वाटतं. मावशी या विद्यापीठाची पदवीधर.

मी मात्र कॉलेजात गेलेलो. त्यामुळे मावशीची अभिरुची सुधारणं हे माझं कर्तव्यच होतं. तिला मी सांगायचो, मावशी, रडवणारा चित्रपट वेगळा आणि अस्वस्थ करणारा वेगळा. त्यावर ती म्हणायची, "रडू नाही आलं त अस्वस्थ कायले व्हाचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सापडायला बरीच वर्षं गेली.

आता 'श्यामची आई' घ्या. आचार्य अत्र्यांनी तो १९५३ साली काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. त्याच्यावर टीका करण्याची माझी छाती नाही. आई गेली की मीही दर वेळी रडतो. पण रडून बाहेर पडताना प्रत्येकाला आपण श्यामच असल्यासारखं वाटतं, हेही खरं. घरी आईने दळण आणायला सांगितलं की मग श्याम गायब!

'माहेरची साडी' हे याचं पुढचं टोक. १९९१ साली विजय कोंडके यांच्या या चित्रपटाने महाराष्ट्र भिजवून काढला. अलका कुबलच्या हालांना सीमा नाही, आणि पटकथाकारालाही दया नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक खरीखुरी सासू आणि तिची सून शेजारी-शेजारी बसून, एकाच पुडीतले शेंगदाणे खात, एकाच सुरात रडत होत्या. पडद्यावरच्या सासूवर दोघींनी मिळून बोटं मोडली. ही सासू आपणच असू, असं त्या थोरलीच्या मनात एकदाही आलं नसावं. अशा चित्रपटाची गंमत ही, की तिकीट काढलेला प्रत्येक जण छळ सोसणारा असतो. छळणारे कोणत्या थेटरात जातात, कोण जाणे!

मग एका रात्री मावशीच्या घरी टीव्हीवर 'सद्गती' लागला. प्रेमचंदांची कथा, सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराच्या आतलाच. चित्रीकरण रायपूरच्या बाजूचं, म्हणजे हावड्याकडच्या गाडीत बसलं की आमच्या पुढचाच मुलूख. मातीच्या भिंती, कौलं, अंगण, सगळं ओळखीचं. मावशीने सवयीने पदर हाताशी घेतला.

दुखी नावाचा चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला पंडिताकडे येतो. हा ओम पुरी. पंडित म्हणजे आपले मोहन आगाशे. नाटकात 'घाशीराम कोतवाल'चे नाना फडणवीस झालेले आगाशे इथे स्वतःच घासीराम आहेत. शिवाय हे डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ. म्हणजे मन बिघडवणार तेच आणि दुरुस्तीला जायचं तेही त्यांच्याकडेच! पंडित दुखीला आधी झाडायला लावतो, मग पोती वाहायला, मग एक गाठाळ ओंडका फोडायला. दुखी तापातून उठलेला आणि उपाशी. तो ओंडक्याशीच मरतो. प्रेत उचलायला कोणी येत नाही, तेव्हा पंडित पायाला दोरीचा फास घालून ते ओढत नेतो आणि परतून जागेवर पाणी शिंपडतो.

भयंकर काय, तर हा पंडित खलनायक नाहीच. तो मारत नाही, मिश्यांवर ताव देत नाही. जेवतो आणि वामकुक्षी घेतो. मूळ कथेत तर पंडिताच्या घरात दुखीला खायला द्यावं का, असा विषय निघतोसुद्धा; पण याला चार पोळ्यांनी काय होणार, पुन्हा उन्हात कोण करत बसणार, म्हणून राहून जातं. 'राहून जातं'! रायसाहेबांचा कॅमेरा आपल्याला दुखीच्या शेजारी बसून रडू देत नाही. तो आपल्याला पंडिताच्या खाटेवर नेऊन बसवतो.

आणि मी बसलो. कारण आजोळी पावसाळ्याआधी लाकडं फोडायला एक म्हातारा यायचा. त्याचा कान तुटलेला कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. तहान लागली की तो अंगणात उकिडवा बसून ओंजळ धरायचा आणि पाणी ओतायचं काम माझ्याकडे असायचं. आजी सांगायची, वरून ओत. मी सात वर्षांचा. धार जितकी उंच तितकी मजा. त्याच्या तोंडावर, छातीवर उडायचं. तो हसायचा, मी हसायचो. मला तो आमचा दोघांचा खेळ वाटायचा.

पुढे २०१३ साली नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' केला. त्यात शेवटी जब्या भिरकावतो तो दगड सरळ प्रेक्षकांवर येतो. थेटरात कोणी दचकलं, कोणी टाळ्या वाजवल्या. मी तसाच बसून राहिलो. तो माझ्या पत्त्यावर बऱ्याच उशिरा पोचला होता, एवढंच.

त्या रात्री मावशीचा पदर मात्र कोरडा होता. ती जेवलीही नाही. भूक नाही म्हणाली. मला वाटलं, चित्रपट तिला आवडला नाही. सकाळी चहा पुढे ठेवताना तिने विचारलं,

"आपल्या घरी तो लाकडं फोडाले येत होता नं बुढा, त्याचं नाव का होतं गा?"

मी बराच वेळ आठवत राहिलो.

"मी बी रातभर आठवून रायली," मावशी म्हणाली, "पन त्याले कोनी नावानं हाकच नाही मारली न बाप्पा."

चहा निवून गेला. तिने तो पुन्हा गरम करून आणला.