ट्यूमर वाढला का? तीन पद्धती आणि एक अपुरा प्रश्न

मेंदूतला ट्यूमर वाढला की नाही, हे ठरवताना जुना आणि नवा एमआरआय डोळ्यांसमोर कसा मांडायचा? अशा तुलनेत 'कोणती पद्धत सरस?' असं विचारलं जातं. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. प्रत्येक पद्धत काय लपवते, ते आधी बघूया.

पहिली, शेजारी-शेजारी. नजर एका चित्रावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत सगळी भिस्त स्मरणावर. समजा, ३० मिमी व्यासाची गोल गाठ ३३ मिमी झाली. २०१० च्या रॅनो निकषांत दोन काटकोनी व्यासांचा गुणाकार २५ टक्के वाढला, तर वाढ धरतात. इथे तो ९०० वरून १०८९ होतो, म्हणजे २१ टक्केच. मापावरून गाठ 'स्थिर' ठरेल, पण घनफळ ३३ टक्क्यांनी वाढलेलं असतं! दरवेळी फक्त मागच्याच स्कॅनशी तुलना केली, तर अशा दोन 'स्थिर' फेऱ्यांत गुणाकार ४६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून आतापर्यंतच्या सर्वांत लहान मापाशी तुलना करायची असते.

दुसरी, एकाच जागी आलटून-पालटून दाखवणं. क्लाइड टॉमबॉ यांनी १९३० मध्ये प्लूटो असाच शोधला. तारे जागच्या जागी राहिले, प्लूटो तेवढा उडी मारताना दिसला. पण मध्ये क्षणभर कोरा पडदा आला, तर मोठा बदलही डोळ्यांना चटकन दिसत नाही. रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे दाखवलं. म्हणजे चित्रं कशी बदलतात, हाही प्रयोगाचा भाग झाला.

तिसरी, वजाबाकी. बदल थेट उजळून दिसतो, पण डोकं जरा तिरकं असलं की कवटीची कडही उजळते. शिवाय सीटीसारखी ठरलेली मोजपट्टी साध्या एमआरआयच्या उजळपणाला नसते. यंत्र बदललं की आकडे बदलतात. चित्रं नीट जुळवून, उजळपणा सारखा करून मगच वजाबाकी करायची.

आणि तिन्ही पद्धती बदल दाखवतात, कारण नाही. रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत दिसणारी वाढ आभासीही असू शकते.

म्हणून असा पेपर वाचताना तीन गोष्टी तपासा. काहीच बदल न झालेल्या जोड्या होत्या का? नसतील, तर खोटे इशारे किती आले हे कळणारच नाही. त्याच डॉक्टरांनी तीच केस लगेच दुसऱ्या पद्धतीने पाहिली का? मग ते उत्तर आठवणीतलं असू शकतं. सगळे स्कॅन एकाच यंत्रावरचे होते का?

हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिरपूर जैनचा एखादा पेशंट पहिला स्कॅन अकोल्याला करतो, दुसरा नागपूरला, आणि पुढे मुंबईला टाटा मेमोरियलला जातो. यंत्र वेगळं, स्लाइसची जाडी वेगळी, अन् पिशवीत नुसत्या फिल्म. त्याच्यासाठी सहसा पहिलीच पद्धत उरते. सीडीवर मूळ डायकॉम फाइल असतील, तर बाकीच्या दोन निदान करून पाहता येतात. एकाच यंत्रावरच्या नीटस डेटावर जिंकलेली पद्धत या पेशंटच्या बाबतीत किती टिकते, हे तपासणं मला पीएचडीच्या तोडीचं काम वाटतं.