भास्कर चंदावरकर : लक्षात न राहणारं संगीत

मंडळी, राळेगणसिद्धीत 'सामना'चं नाव काढताना जरा संकोच होतो. दारूबंदीच्या गावात दारुड्या मास्तरची गोष्ट! पण त्या चित्रपटाचे संगीतकार भास्कर चंदावरकर हाच आज आमचा विषय आहे. १९३६ साली पुण्यात जन्मलेले, पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेले चंदावरकर २६ जुलै २००९ रोजी गेले.

'सामना'तलं आरती प्रभूंचं ते ओझ्याचं गाणं अजून लोक गुणगुणतात. 'घाशीराम कोतवाल'च्या (१९७२) चाली नाटक पाहिलेला माणूस विसरत नाही. तरी आमचं मत असं, की चंदावरकर खरे कळतात ते पार्श्वसंगीतात. आणि पार्श्वसंगीत कोण लक्षात ठेवतो?

इंग्लंडच्या ब्रायन ईनोंनी १९७८ साली विमानतळासाठी म्हणून संगीत केलं, त्याला 'अँबियंट' म्हटलं. लक्ष द्या, नका देऊ, ते भोवती असतं. (आपला तंबोरा दुसरं काय करत आलाय?) चंदावरकरांना तो शिक्का मारणं मात्र ओढूनताणून होईल. ईनोंचं संगीत वातावरण उभं करतं. यांचं संगीत प्रसंगाला वाट करून देतं.

'श्वास' आठवा. कोकणातल्या परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग, शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार. त्याआधी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर काढतात, शहर दाखवतात. दुसरा कुणी असता तर इथे व्हायोलिनांचा पूर आणला असता. प्रेक्षक रडायलाच बसलेला असतो हो! पण उद्यापासून या पोराला उरणार काय? आवाज. गाड्यांचा, माणसांचा, आजोबांच्या बोलण्याचा. त्यावर संगीत ओतलं, तर जे त्याच्याजवळ राहणार तेच आपण झाकून टाकलं. चंदावरकर इथे हात आखडता घेतात. संगीतकाराला हे जड जातं, कारण त्याचं नाव वाजण्यावर होतं, थांबण्यावर नाही.

बौद्ध तत्त्वज्ञ सांगतात, वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते, सातत्य आपल्याला भासतं. वर्गात आम्ही दिव्याच्या ज्योतीचा दाखला द्यायचो. स्वराचा दाखला अधिक चपखल आहे : तो विरतानाच ऐकू येतो. गाण्यात निदान ध्रुवपद परत येतं, गेलेलं परत मिळाल्यासारखं वाटतं. पार्श्वसंगीतात बहुधा तेवढाही दिलासा नसतो. प्रसंग सरला की तेही सरलं.

मग अशा माणसाची आठवण गाण्यांच्या कार्यक्रमाने कशी व्हावी? म्हणून आज गाणी लावणार नाही. 'श्वास'मधला तो दिवसच पडद्यावर दाखवतो आहोत. पंखे तेवढे बंद करा.