लोटलीचा देखावा आणि नदीपलीकडचा देव

गेल्या मार्गशीर्षात बेळगावकडून कुळदेवाच्या दर्शनास आलेल्या आमच्या आप्तांच्या एका मेळाव्याबरोबर चार दिवस हिंडण्याचा योग आला. कार्यक्रम हल्लीच्या रिवाजास धरूनच होता. सकाळी रामनाथी, मंगेशी आणि म्हार्दोळ. दुपारी लोटलीचे ‘पूर्वजांचे गोवे’. दुसरे दिवशी आग्वादचा किल्ला. आणि रात्रीचा मुक्काम समुद्रकाठच्या एका विश्रामनगरीत. देवदर्शन आणि सहल यांची अशी मोट आता घरोघर बांधली जाते. त्यात वावगे काही आहे असे मला वाटत नाही. आपल्या वाडवडिलांच्या यात्राही केवळ पुण्यसंपादनासाठी होत नसत. जत्रेत खाजे घेणे, दशावतार पाहणे आणि सोयरिकी जुळवणे हेही त्यात असेच. परंतु एका दिवसात देऊळ आणि देखावा असे दोन्ही पाहिले म्हणजे तुलना आपोआप होते, आणि त्या तुलनेतून निघालेले काही विचार रसिक वाचकांपुढे ठेवावेत असे मनात आले.

ग्रंथाचे जसे परीक्षण करता येते तसे स्थळाचेही करता येते. जो मनुष्य एखादे प्रदर्शन उभारतो तो ग्रंथकाराप्रमाणेच निवड करीत असतो. काय मांडावे, कशापुढे दिवा लावावा आणि काय गाळावे, याचा निर्णय त्याला घ्यावाच लागतो. म्हणून त्याच्या निवडीविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे.

लोटलीचे हे प्रदर्शन 1995 साली शिल्पकार महेंद्र आल्वारिस यांनी खुले केले. टेकडीच्या उतारावर झाडांच्या सावलीत शंभर वर्षांपूर्वीचा एक गाव त्यांनी लहान आकारात वसवला आहे. कुंभार चाकावर बसला आहे, कोळीण मासळी घेऊन आहे, काजूची भट्टी आहे, बाजार आहे, भाटकाराचे घर आहे. सगळी माणसे मातीची. बोलतो तो फक्त ध्वनिमुद्रित आवाज. त्याच परिसरात एका खडकावर मोठ्या पावलाचा ठसा दाखवतात. सर्वस्व दान करून निर्धन झालेला एक सत्पुरुष त्या दगडावर एका पायावर उभा राहून प्रार्थना करता करता स्वर्गास गेला, अशी त्याची कथा. पादुकांना मस्तक लावणाऱ्या आपल्या समाजास ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु या सर्व मांडणीतील खरी कलाकृती म्हणजे जांभ्या दगडात कोरलेली संत मीराबाई. सुमारे 14 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असे हे शिल्प आल्वारिस यांनी 1994 साली तीस दिवसांत कोरले. ते उभे केलेले नाही, भूमीतच आहे. ज्या जांभ्याचे चिरे काढून आपण घरे बांधली, विहिरी बांधल्या, तुळशीवृंदावने उभारली, त्याच दगडातून ही मूर्ती बाहेर आली आहे. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ चढते, उन्हाळ्यात ती तांबडी लाल होते. एका ख्रिस्ती गोमंतकीयाने आपल्या गावच्या खडकात राजस्थानच्या कृष्णभक्त संत स्त्रीला आकार द्यावा, यात जो सहज जिव्हाळा आहे तो भाषणांतून उत्पन्न करता येत नाही. या शिल्पापुढे मी बराच वेळ उभा होतो. टीकाकाराने आधी हे ऋण मान्य करावे आणि मग पुढे बोलावे.

आता उणे काय ते सांगतो. मातीच्या गावात कारागीर आहेत, पण त्यांना बांधून ठेवणारे संबंध नाहीत. कुंभार आहे, त्याची मडकी कोणत्या उत्सवाला, कोणत्या हक्काने जात हे कळत नाही. शेतकरी आहे, शेत कोणाचे आणि धान्याचा वाटा कोणाचा हे कळत नाही. गोव्याच्या गावाचा कणा म्हणजे गावकरी संस्था. तिने खाऱ्या पाण्याला बांध घालून खाजने निर्माण केली, मानशीची दारे भरती-ओहोटीच्या गतीनुसार उघडझाप होतील अशी बसवली आणि खारटपणा सोसणारे कोरगुट भात पिकवले. हे ज्ञान पुतळ्यात मावत नाही हे खरे. परंतु ते वगळून गावाचे चित्र काढले तर ते सोंगट्यांचे चित्र होते.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. लोटली हे श्रीरामनाथाचे मूळ स्थान. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळांवर संकट आले, 1567 साली ती मोठ्या संख्येने पाडण्यात आली. त्या शतकात लोटलीचा रामनाथ, कुठ्ठाळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा ही सर्व दैवते अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी, ओलांडून अंत्रूज महालात गेली. ती भूमी तेव्हा आदिलशाहीत होती. पोर्तुगिजांच्या हाती ती दोनशे वर्षांनंतर, 1763 साली गेली. देवामागून भक्तही निघाले. कोणी अंत्रुजात राहिले, कोणी कारवार-मंगळुरास, कोणी बेळगावास गेले. या पत्राच्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यांचा प्रवास त्याच काठावरून सुरू झाला. ‘पूर्वजांचे गोवे’ असे नाव धारण करणाऱ्या स्थळी, आणि तेही लोटलीत, या प्रस्थानाची खूण मला दिसली नाही. शंभर वर्षांपूर्वीचा गाव दाखवायचा असेल तर तो गाव कोणाच्या जाण्याने घडला हेही एका ओळीत सांगता आले असते. त्यासाठी कोणाला दोष देण्याची गरज नव्हती.

परंतु हा आक्षेप घेताना मला स्वतःलाच एक प्रश्न विचारावा लागला. उद्या हा देखावा आमच्या हाती दिला तर आम्ही तरी संपूर्ण सत्य मांडू काय? देवळाभोवतीचा गाव म्हणजे केवळ महाजन नव्हेत. त्यात दिवटी धरणारे होते, वाजंत्री होते, झाडलोट करणारे होते, आणि देवापुढे गाणाऱ्या-नाचणाऱ्या भाविणी व कलावंतिणी होत्या. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्याचा आम्ही अभिमान बाळगतो. पण ज्या व्यवस्थेने त्या समाजातील स्त्रियांना गाणे दिले आणि मान नाकारला, तिचा पुतळा करून सभामंडपाशेजारी ठेवण्याचे धैर्य आमच्यात नाही. आल्वारिसांनी देव वगळला असेल, तर आम्ही माणसे वगळली असती. गाळण्याची कला सर्वांनाच अवगत आहे.

दुसरे दिवशी आग्वाद पाहिला. तेथे मामला नेमका उलट. लोटलीत वस्तू नकली असून मांडणाऱ्याचे लक्ष खरे आहे. आग्वादला वस्तू खरी असून पाहणाऱ्याचे लक्ष भलतीकडे. 1612 सालचा हा किल्ला. जहाजांनी येथे गोडे पाणी भरून घ्यावे म्हणून त्याला हे नाव पडले. वरच्या कोटातील पाण्याचे टाके अजून थक्क करते. 1864 सालचा दीपस्तंभ तेथेच उभा आहे. माणसे मात्र टाक्याकडे पाठ करून स्वतःचीच छायाचित्रे घेण्यात मग्न होती. खालच्या कोटातील तुरुंगात 1946 साली त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा आणि राममनोहर लोहिया यांना ठेवले होते. 2015 पर्यंत तेथे कैदी होते, आणि 2021 च्या डिसेंबरात ती जागा संग्रहालय म्हणून खुली झाली. त्या कोठड्यांतून समुद्र फार सुंदर दिसतो. ज्यांना तो केवळ गजांतून दिसला त्यांना तो कसा वाटला असेल, हा विचार मनात येण्यास क्षणभर शांतता लागते. तेवढी शांतता सहलीच्या वेळापत्रकात नव्हती. किल्ल्याच्या तटालगत 1970 नंतरच्या दशकात विश्रामनगरी उभी राहिली, आणि बुरुजाचे काम आता बऱ्याच अंशी सूर्यास्ताला चौकट पुरवण्याचे उरले आहे.

2024 साली गोव्यात एक कोटीहून अधिक पाहुणे आले. 2011 च्या शिरगणतीत येथील रहिवासी साडेचौदा लाखांच्या आसपास होते. घरच्यांपेक्षा पाहुणेच कितीतरी पट अधिक झाले म्हणजे घर पाहुण्यांच्या नजरेने मांडले जाऊ लागते. ही नजर किनाऱ्यावरच थांबली आहे असे समजू नये. आमच्या देवळांत तिने केव्हाच प्रवेश केला आहे. नक्षीचे लाकडी खांब काढून गुळगुळीत फरशी आणि संगमरवर येतो. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीने रेखाटलेली कावी चित्रे कित्येक ठिकाणी रंगाच्या हाताखाली नाहीशी झाली. जीर्णोद्धार या पवित्र शब्दाने आपण पुष्कळदा जीर्णाचा त्याग एवढेच साधतो. लोटलीच्या मातीच्या कुंभाराला हसण्यापूर्वी आपला सभामंडप एकदा डोळे उघडून पाहावा.

तेव्हा या स्थळाचा निर्णय काय द्यावा? लोटलीला जाऊ नये असे मी म्हणणार नाही. अवश्य जावे, पण मीराबाईपाशी अधिक वेळ द्यावा आणि पुतळ्यांपाशी कमी. मुलांना बरोबर न्यावे, आणि तेथून निघाल्यावर गावच्या खाजनाच्या बांधावर त्यांना दहा मिनिटे चालवावे. कारण ते शेत हा देखावा नव्हे. बोरीच्या नव्या पुलाचा रस्ता या खाजनातून नेण्याच्या आराखड्यास अलीकडच्या वर्षांत तेथील शेतकऱ्यांनी विरोध केला आहे. पूल हवा की नको, कोठून हवा, हा वाद तज्ज्ञांनी आणि गावाने सोडवावा. परंतु एका बाजूस तिकीट लावून जपलेला मातीचा शेतकरी आणि दुसऱ्या बाजूस आपला बांध वाचवण्यासाठी उभा राहिलेला जिवंत शेतकरी, हे दोघे एकाच गावात आहेत. पूर्वजांचा वारसा यांपैकी कोणापाशी आहे हे ओळखता आले नाही, तर आमचे पाहणे व्यर्थ गेले असे म्हणावे लागेल.

आमच्या मेळाव्यात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांचे माहेर अंत्रुजातले. देखाव्यातील जाते, रांजण आणि कांडण पाहून त्या हसल्या आणि मला म्हणाल्या, “बाबा, हें सगळें आमगेर आसलें, आतां पळोवपाक तिकेट काडचें पडटा.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होते. परतताना आमची गाडी बोरीच्या पुलावर आली. अलीकडे लोटली, पलीकडे अंत्रूज, खाली संथ वाहणारी जुवारी. आजींनी खिडकीतून नदीला हात जोडले. नदीला की देवाला, असे मी विचारले. “हांगाच्यान देव पलतडी गेलो,” एवढेच त्या बोलल्या.

देव नेमका त्याच जागी नदी उतरला की आणखी कोठे, हे मला ठाऊक नाही आणि आजींनाही ठाऊक नसावे. परंतु चार दिवसांत आम्ही जी स्थळे पाहिली त्यांपैकी ज्या एका स्थळी ना फलक होता, ना तिकीट, ना कोणी गाडी थांबवली, ते आजींनी दाखवले. पुढच्या वेळी येणाऱ्यांनी क्रम थोडा बदलावा, एवढीच सूचना: आधी लोटली पाहावी, मग नदीकाठी क्षणभर थांबावे, आणि त्यानंतर रामनाथाच्या पायऱ्या चढाव्यात. देव ज्या वाटेने गेला असे आपण मानतो, त्या वाटेने त्याच्याकडे जाणे हेही दर्शनच होय.