पडणें आणि पाडणें

मराठींत अकर्मक क्रियापदाचें सकर्मक करण्याची जी सोय आहे ती मोठी काटकसरीची आहे. पडणें-पाडणें, सरणें-सारणें, मरणें-मारणें: एक काना वाढला कीं कर्ता हजर झालाच. 'चाळ पडली' असें ऐकलें म्हणजे पावसाचें, वाळवीचें, शंभर वर्षांच्या सागवानी खांबांचें स्मरण होतें, 'चाळ पाडली' असें ऐकलें कीं ऐकणारा लागलाच विचारतो, "कोणीं?" हा प्रश्न आमच्या आजच्या गद्यांतून, विशेषतः माणसास त्याच्या जागेवरून उठविण्याची हकीकत सांगणाऱ्या गद्यांतून, नाहींसा होत चालला आहे अशी आमची तक्रार आहे. गिरगांवांत आणि परळ-लालबागेंत ही हकीकत इतक्या वेळां लिहिली गेली आहे कीं शब्दांच्या परीक्षेसाठीं दुसरीकडे जावयास नको.

माणसास हलविण्याचे शब्द आमच्या बोलींत विपुल आहेत आणि त्यांपैकीं बहुतेकांत हलविणाराचा हात दिसतो. 'अर्धचंद्र देणें' या प्रयोगांत तर त्या हाताची आकृतीच आहे. अंगठा आणि बोटें यांच्यामधली कोर मानेस लागते आणि माणूस उंबरठ्याबाहेर जातो. 'उचलबांगडी' म्हणजे हातपाय धरून उचलून नेणें. 'हकालपट्टी'त गुरें हांकणाराची काठी ऐकूं येते. 'नारळ देणें' यांत शिष्टाचाराचा थोडा देखावा आहे खरा, पण नारळ कोणाच्या हातून मिळाला हें लपत नाहीं. सर्वांत मौज 'गच्छंती'ची. संस्कृतांत 'गच्छन्ति' म्हणजे 'ते जातात', आपल्या पायांनीं जातात; मराठी माणसानें तें क्रियापद उचलून त्याचें नाम केलें आणि घालवून दिलें जाण्यास तें लावलें. कचेरींतून जाणारा नेहमींच स्वखुषीनें जात नाहीं, हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

या प्रकरणांत दोष संस्कृताचा, असा मात्र कोणीं ग्रह करून घेऊं नये. 'उच्चाटन' हा शब्द अस्सल संस्कृत आहे व मंत्रशास्त्रांत मारण, मोहन, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण यांच्या पंक्तीस बसतो. शत्रूस त्याच्या ठिकाणाहून उठवून लावणें हें त्याचें काम, आणि जप करणारा कोण याविषयीं तेथें कसलाही संदेह नसतो. आज आम्ही दारिद्र्याचें उच्चाटन करतों, आणि दरिद्री माणसाचें मात्र 'स्थलांतर होतें'.

या 'होतें'कडे वाचकांनीं लक्ष द्यावें. 'इतकीं कुटुंबें विस्थापित झालीं' हें वाक्य आपण इतक्या वेळां वाचतों कीं त्यांत कांहीं उणें आहे असें वाटत नाहीं. शाळेंतल्या रसायनाच्या पुस्तकांत हाच शब्द फार प्रामाणिकपणें वापरलेला आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणांत जस्ताची पूड टाकली कीं जस्त तांब्यास बाहेर काढतें व त्याची जागा घेतें; निळा रंग फिका पडत जातो. जस्त अधिक क्रियाशील, म्हणून असें घडतें, हें दहावीचा विद्यार्थी सांगूं शकतो. जस्ताचें नांव न घेतां त्यानें नुसतें 'तांबें विस्थापित झालें' असें लिहिलें तर त्याचे गुण कापले जातील. वर्तमानपत्रांत तेंच वाक्य रोज पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होतें! आम्हीं एकदां वर्गांत या शब्दाचें वाक्य कर्त्यासह लिहावयास सांगितलें, तेव्हां बऱ्याच मुलांनीं 'धरणानें' किंवा 'रस्त्यानें' लिहिलें. एकानें 'काळानें' असें लिहिलें. हा मुलगा अग्रलेख चांगले लिहील.

'संक्रमण शिबिर' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. सूर्य एका राशींतून दुसरींत जातो तें संक्रमण, आणि एका राशींत त्याचा मुक्काम महिन्याचा. मुंबईंतल्या या शिबिरांत कित्येक कुटुंबांच्या दोन पिढ्या गेल्या. याउलट चाळींतलीं माणसें जें बोलतात तें किती नेमकें! भाडेकरू 'खोली सोडतो', मालक 'खोली खाली करून घेतो'. या 'करून घेण्यां'त सगळा व्यवहार आला.

आतां गिरण्यांकडे येऊं. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला; त्यानंतर गिरण्या 'बंद पडल्या', असें आपण सारे म्हणतों. मालकांच्या मतें त्या संपानें बंद पाडल्या. कामगारांच्या मतें त्या जमिनीच्या मोहानें मालकांनीं बंद पाडल्या. दोन्ही पक्ष निदान व्याकरण शुद्ध बोलत होते. 'पडल्या' म्हणणारे आपण मध्यस्थ तेवढे वादांतून सुटलों. पण शब्दाकडे असें दुर्लक्ष करणें किती महाग पडतें हें पुढें दिसलें. १९९१ च्या विकास नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनीची महानगरपालिका, म्हाडा आणि मालक यांत ढोबळ मानानें तिहाई वांटणी ठरविली होती. २००१ सालीं दुरुस्ती होऊन ही वांटणी मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. मग प्रश्न आला 'मोकळी' म्हणजे कोणती? आधींपासून मोकळी असलेली, कीं गिरणी पाडून मोकळी झालेली तीही? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००६ सालीं पहिला, अरुंद अर्थ कायम झाला. शेकडों एकर जमीन एका विशेषणावर तोलली गेली. शब्दार्थाची चर्चा हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असें म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनीं हा निकाल अवश्य वाचावा.

गिरणींत 'बदली' नांवाचा एक शब्द होता. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या साच्यावर काम करणारा तो बदली. सकाळीं फाटकाशीं उभें राहावयाचें आणि काम मिळालें तर मिळालें. त्याचे हाल पुष्कळ होते, परंतु त्या शब्दांत एक गोष्ट गृहीत होती: माणूस बदलतो, जागा राहते. 'पुनर्विकासां'त नेमकी जागाच बदलते, मग तेथें बदली तरी कोण होणार? या अवस्थेस आमच्या वाङ्मयांत एकच शब्द पुरेसा पडला आहे असें आम्हांस वाटतें, आणि तो जयंत पवार यांनीं संपानंतरच्या गिरणगांवांतील एका कुटुंबावरील आपल्या १९९७ च्या नाटकास दिलेला आहे: 'अधांतर'. खालीं आधार नाहीं आणि तरी पडलेलें नाहीं, तें अधांतर. 'विस्थापित' म्हटलें कीं प्रकरण संपलेलें असतें. 'अधांतर' म्हटलें कीं तें आपल्या डोळ्यांसमोर चालूं राहतें. नाटककारानेंही कर्ता सांगितलेला नाहीं असा आक्षेप येईल. त्यानें प्रेक्षकास तो शोधावयास लावलें, हा फरक आहे.

दुसरी बाजू न मांडणें अन्यायाचें होईल. १९२१ सालीं मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सेनापति बापट यांच्यासह सत्याग्रह केला, तेव्हां त्यांच्यापाशीं 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द नव्हता. धरण झालें, वीज मुंबईस आली. पुढें १९७६ सालीं महाराष्ट्रानें अशा लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि जो शब्द ग्रहणांतल्या ग्रस्त चंद्रावरून घेतल्यासारखा दिसतो तो दाखल्यावर छापला जाऊं लागला. दाखल्यावर 'हुसकलेला' असें लिहून चालत नाहीं. हक्क मागणारांस असा रुक्ष, कायदेशीर शब्द लागतो आणि त्यांनीं तो अवश्य वापरावा. आमचा वाद त्यांच्याशीं नाहीं. ज्यांना दाखला नको आहे, ज्यांचें काम घडलेलें सांगण्याचें आहे, त्या लेखकांनीं आणि पत्रकर्त्यांनीं दाखल्याची भाषा का उसनी घ्यावी, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

उठविण्याची ही क्रिया हल्लीं नांवांपर्यंत येऊन पोंचली आहे. २०१८ सालीं एल्फिन्स्टन रोड स्थानकाचें प्रभादेवी झालें. तें कोणाच्या आज्ञेनें झालें याचा सरकारी कागद आहे, मत पटो वा न पटो. परंतु गिरण्यांच्या जागीं मनोरे उभे राहूं लागल्यावर घरें विकणाऱ्यांच्या जाहिरातींत लोअर परळाचें 'अपर वरळी' झालें, त्याचा कागद कोठें शोधावा? खालचें परळ गेलें आणि त्याच्या ऐवजीं वरची वरळी आली. पश्चिम रेल्वेच्या पाटीवर मात्र अद्याप लोअर परळ असेंच आहे.