पदवी-प्रदर्शनातले छायाचित्र कसे तपासावे?

कला महाविद्यालयांच्या पदवी-प्रदर्शनांत एक प्रकार हमखास दिसतो. विद्यार्थी स्वतःच वेश करून कॅमेऱ्यासमोर उभा असतो आणि शेजारी भिंतीवर पानभर निवेदन लावलेले असते. अभियांत्रिकीची मुले विचारतात, "यात विशेष ते काय? हे तर गॅदरिंगमध्येही होते." प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी याच प्रकारातली एक गाजलेली मालिका पाहू.

१. मालिका

बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स' ही मालिका केली. पुढे २०१९च्या चेन्नई फोटो बिएनालेची मांडणीही पुष्पमालांकडेच होती. मालिकेत त्या स्वतः जुन्या चित्रांतल्या स्त्रिया होतात : राजा रविवर्म्याची लक्ष्मी, तमिळ सिनेमाची नायिका, वर्तमानपत्रातल्या फोटोतली गुन्हेगार बाई आणि चौकटींच्या पडद्यासमोर उभी केलेली तोडा स्त्री. यातली लक्ष्मी तुमच्या ओळखीची आहे. रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याच्या तसबिरी घरोघरी पोचल्या.

२. चौकटींचा पडदा

तुळईला तडा गेला की आपण शेजारी पट्टी ठेवून फोटो काढतो. पट्टीमुळे फोटो हा पुरावा ठरतो. १८६९मध्ये जॉन लॅम्प्रे यांनी माणसांसाठी हीच पद्धत सुचवली : लाकडी चौकटीत दोन-दोन इंचांवर रेशमी दोरे ताणायचे, पुढे माणूस उभा करायचा आणि निरनिराळ्या वंशांची शरीरे ताडून पाहायची. तांबरमहून उपनगरी गाडीने एग्मोरला उतरलात तर जवळच सरकारी संग्रहालय आहे. एडगर थर्स्टन १८८५ ते १९०८ या काळात त्याचे प्रमुख होते. त्यांनी दक्षिणेतल्या अनेक जातीजमातींच्या लोकांची मोजमापे घेतली. त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १९०९मध्ये निघाला. तड्याला पट्टीची हरकत नसते. माणसाची असू शकते, पण त्याला कोणी विचारले नव्हते.

३. मूल्यमापन

प्रयोगात आपण काही घटक स्थिर ठेवतो आणि काही बदलतो. पुष्पमालांनी नेमके हेच केले आहे. शरीर एकच, बदलतात पडदा, प्रकाश, वस्त्र आणि उभे राहण्याची ढब. तरीही एका चित्राला हात जोडावेसे वाटतात, दुसऱ्यातली बाई नमुना वाटते, तिसऱ्यातली संशयित. म्हणजे हा फरक त्या बाईत नव्हता, मांडणीत होता. हे निवेदन न वाचताही कळते, म्हणून मालिका यशस्वी आहे. मात्र एकच चित्र सुटे टांगले तर ते वेशभूषेपुरते उरते. तुलना नाही तर निष्कर्षही नाही.

एक उणीवही नोंदवली पाहिजे. पुष्पमाला पडद्यासमोरून बाजूला होऊ शकतात, वेश उतरवू शकतात. ज्या स्त्रियांना मोजले गेले त्यांना ती मोकळीक नव्हती. मोजणाऱ्याची टिंगल होते, पण मोजली गेलेली स्त्री अनामच राहते. तिच्या जागी पुन्हा दुसरीच कोणी उभी असते. मालिकेची ही मर्यादा तिच्या पद्धतीतूनच आलेली आहे.

४. प्रदर्शनात जाताना

पुढच्या वेळी पदवी-प्रदर्शनात जाल तेव्हा 'आवडले, नाही आवडले' इथेच थांबू नका. हे प्रश्न विचारा :

(अ) काय स्थिर ठेवले आहे आणि काय बदलले आहे?
(आ) निवेदन झाकले तर चित्र काय सांगते?
(इ) चित्रातल्या माणसाला नकार देण्याची सोय होती का?

तिसरा प्रश्न वीटभट्टीच्या किंवा मच्छीमारांच्या फोटोंनाही लागू आहे. तुमच्या प्रकल्प-अहवालात चिकटवलेल्या मजुरांच्या फोटोंनाही.