संरक्षण, पण कोणापासून?

समुद्री गोगलगायी आपली अंडी कुपीत का घालतात? असा प्रश्न आला की एका शब्दाचे उत्तर ठरलेले असते : संरक्षणासाठी. फळ्यावर तेच, उत्तरपत्रिकेत तेच. एक गुण मिळतो आणि विषय संपतो. हे उत्तर खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण याला उत्तर म्हणावे का, याची मात्र आम्हाला शंका आहे.

अटलांटिक महासागराच्या उत्तरेकडील खडकाळ किनाऱ्यांवर न्युसेला लॅपिलस ही गोगलगाय राहते. तिची मादी खडकांच्या कपारीत जेमतेम एक सेंटिमीटर उंचीच्या, पिवळट, सुरईच्या आकाराच्या कुप्या चिकटवते. एका कुपीत काही शेकडा अंडी असतात. सुमारे चार महिन्यांनी बाहेर येतात ती साधारण वीस-पंचवीस पिल्ले. मग बाकीची अंडी गेली कुठे? त्यांची वाढ होतच नाही. वाढणारे भ्रूण ती खाऊन टाकतात. म्हणजे ही कुपी नुसती तिजोरी नव्हे, शिदोरीही आहे. ‘संरक्षण’ या शब्दात यातले काहीच येत नाही.

बरे, संरक्षण म्हटले तर कोणापासून? ओहोटीच्या वेळी पाऊस आला की खडकावरचे खारे पाणी एकदम गोडसर होते. जॅन पेचेनिक यांनी 1979 साली बंद कुपीतील वाढीचा आढावा घेतला आणि पुढे प्रयोगही केले. न्युसेलाच्या कुपीच्या भिंतीतून पाणी व क्षार ये-जा करतात, पण सावकाश. भिंत पाऊस अडवत नाही; भ्रूणाला थोडी मुदत मिळवून देते, इतकेच. उन्हाचे तर आणखी वेगळे. ओहोटीला उघड्या पडलेल्या कुप्या सुकतात आणि आतले भ्रूण मरतात. त्यामुळे भिंतीइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व मादीने निवडलेल्या जागेला येते. टॉम स्पाइट यांनी 1977 साली एका लेखाच्या शीर्षकातच विचारले होते की भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील गोगलगायी योग्य जागी अंडी घालतात का. असा प्रश्न आमच्या वर्गांत कधी निघत नाही, याचेच वाईट वाटते.

भक्षकांची गोष्ट निराळी. टिमथी रॉलिंग्ज यांनी 1990च्या दशकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील न्युसेलाच्या दुसऱ्या एका जातीचा अभ्यास केला. कुप्या कुरतडणाऱ्या आयसोपॉड प्राण्यांपुढे जाड भिंतीच्या कुप्या अधिक टिकाव धरतात, असे त्यांना आढळले. इथे ‘संरक्षण’ हा शब्द खरोखर कमावलेला आहे, कारण शत्रूचे नाव सांगता येते.

आणि किंमत? फ्रँक पेरॉन यांनी 1981 साली कोनस गोगलगायींचा हिशेब मांडला. ज्या जातींचे भ्रूण कुपीत जास्त दिवस राहतात, त्यांना प्रजननासाठीच्या ऊर्जेतला मोठा वाटा कुपीवरच खर्चावा लागतो. तेवढ्यात आणखी अंडी झाली असती. वह्यांमधल्या कुपीला मात्र काही खर्चच येत नाही. ती फुकट मिळते!

हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जाऊन दगडांखाली, कपारींत शोधावे. (दगड उलटला तर पुन्हा होता तसाच ठेवावा.) कुपी सापडली की विद्यार्थ्यांना तिचा उपयोग विचारू नये, ती बंद आहे, वरच्या टोकाला उघडलेली आहे, की बाजूने कुरतडलेली, एवढेच पाहायला सांगावे. म्युरेक्स कुळातील गोगलगायींच्या कुप्या आतले भ्रूण मेले की पुष्कळदा जांभळ्या पडतात. तशी एखादी दिसली तर मुले आपणहून विचारतील की हिचे संरक्षण कसे काय झाले नाही. शाळेच्या कपाटात शंख-शिंपले असतातच. किनाऱ्यावर वाहून आलेल्या वाळक्या कुप्याही त्यांच्या शेजारी ठेवाव्यात, जागेची व तारखेची चिठ्ठी लावून.