मुसळ धरलेले हात

नांदेडच्या आमच्या घरी बैठकीत एक वारली चित्र टांगलेले आहे. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा, एवढाच त्याचा पसारा. मधोमध उखळ, दोहों बाजूंना दोन बाया. एकीचे मुसळ वर, दुसरीचे खाली. आल्यागेल्यांना ते शोभिवंत वाटते. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटे. नाच आणि कांडण एकाच लयीत काढणाऱ्या या कलेने कष्टाचाही सण केला, अशी माझी तक्रार होती.

गेल्या दिवाळीत लातूरकडच्या गावाहून आई आली. चष्मा पुसून तिने चित्र न्याहाळले नि म्हणाली, "बाया कांडायल्यात की! अन् ही वरच्या मुसळाची दमलीय बघ."

खिरीचे गहू ओलसर करून जन्मभर कांडलेली बाई ती! पण तिला हे कळले कशावरून? चेहरा तर तिथे नाहीच, नुसता एक गोल. मी जवळ गेले. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. ती टोके भेटतात ती कंबर. वरचा त्रिकोण किंचित कलला होता. साऱ्या देहाचा भार त्या एका बिंदूवर आला होता. आमच्या कॅलेंडरांवरच्या खेडवळ सुंदरींच्या कमरेवर घागर असते, पण तिचे वजन कधी दिसत नाही!

मुळात ही चित्रे बायकांचीच. लग्नघरी सवाशिणी मातीच्या भिंतीवर चौक लिहितात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूची काडी चावून तिची कुंचली करायची. म्हणजे जे भात कांडायचे, त्याच्याच पिठाने कांडण काढायचे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असून ही काडी उचलली आणि कागदाकापडावर अवघे वारली जग उभे केले. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले.

आता वारली चित्रे पडद्यांवर, कपांवर छापून येतात. माझ्या पडद्यावर तारप्याचा नाच तेवढा आहे. उखळ गाळले आहे. बाजाराची ही निवड मला खटकते.

जाताना आईने पुन्हा चित्राकडे पाहिले. "हिला टेकायला जागा काढली नाही का गं कुठं?"

मी शोधली. नव्हती.